उपवासाचा फॉरवर्ड खरा की खोटा? गुगल स्कॉलरवर शास्त्रज्ञाचं काम असं तपासा

आषाढी एकादशी जवळ आली की आमच्या फॅमिली ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो. उपवास केला की कॅन्सरच्या पेशी मरतात, हे एका जपानी शास्त्रज्ञाने सिद्ध केलं आणि त्यासाठी त्याला नोबेल मिळालं, असा तो मेसेज. यंदा तो वाचून माझ्या मावशीने डायबिटीसची गोळी बंद करून कडक उपवास करायचं ठरवलं. मग मात्र मी मोबाईल हातात घेतला.

शास्त्रज्ञ खरे आहेत. योशिनोरी ओहसुमी, पेशीजीवशास्त्रज्ञ. २०१६ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल त्यांना एकट्यांना मिळालं, हेही खरं. विषय होता ऑटोफॅजी, म्हणजे पेशी स्वतःचेच जुने, खराब भाग पिशवीत गुंडाळून मोडते आणि त्यातला माल परत वापरते. प्रश्न एवढाच, की त्यांनी नक्की काय सिद्ध केलं?

याचं उत्तर न्यूजमध्ये शोधू नका, त्यांच्या पेपर्समध्ये शोधा. ब्राउझरमध्ये गुगल स्कॉलर उघडा आणि संशोधकाचं नाव व विषय इंग्रजीत टाका. नुसतं आडनाव टाकू नका, नाहीतर 'एस. पाटील' शोधल्यावर होतं तसं होईल, दहा वेगवेगळ्या माणसांचं काम एकाच ढिगात! प्रत्येक पेपरखाली 'साइटेड बाय' आणि पुढे एक आकडा दिसतो. म्हणजे नंतरच्या किती लेखांनी या पेपरचा संदर्भ दिला. त्या आकड्यावर टॅप केलं की ते सगळे लेख समोर येतात.

मी ओहसुमींचे दोन पेपर काढले. पहिला १९९२ चा, 'जर्नल ऑफ सेल बायोलॉजी'मधला, तो पूर्ण फुकट वाचता येतो. प्रयोग यीस्टवर आहे, तेच पाव फुगवणारं यीस्ट. पेशीतला कचरा मोडणारी एन्झाइम्स नसलेलं यीस्ट त्यांनी उपाशी ठेवलं आणि साध्या मायक्रोस्कोपखाली बघितलं. न मोडलेल्या गोल पिशव्या पेशीत साठत गेलेल्या दिसल्या. दुसरा १९९३ चा, 'फेब्स लेटर्स'मधला, मिकी त्सुकादा यांच्यासोबत. ऑटोफॅजी जमतच नाही असं यीस्ट शोधून त्यांनी त्यासाठी लागणारी १५ जीन्स गाठली. दोन्हीकडे माणूस नाही, कॅन्सर नाही, एकादशी तर नाहीच! उपाशी पेशीत ऑटोफॅजी वाढते एवढं बरोबर आहे. पण काही ट्यूमर तर तगून राहायला हीच ऑटोफॅजी वापरतात.

आता आकड्यांबद्दल. संशोधकाच्या प्रोफाइलवर 'एच-इंडेक्स' दिसतो. २००५ मध्ये जॉर्ज हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने तो काढला. समजा एखाद्याचे पाच पेपर आहेत आणि साइटेशन्स आहेत ४०, १२, ६, ४, २. कमीत कमी ४ साइटेशन्स असलेले पेपर ४ आहेत, म्हणून एच-इंडेक्स ४. बाजूचा 'आय-१०' म्हणजे १० किंवा जास्त साइटेशन्स मिळालेले पेपर, इथे २.

पण आकडा मोठा म्हणजे शास्त्रज्ञ मोठा, असं लगेच धरू नका. ऑटोफॅजी कशी मोजावी याच्या नियमावलीचा २०१६ चा पेपर बघा, त्याला दोन हजारांहून जास्त लेखक आहेत! त्याची हजारो साइटेशन्स प्रत्येकाच्या खात्यावर पूर्णच्या पूर्ण जमा होतात, भागून नाही. प्रोटीन मोजायची साधी पद्धत सांगणारा लॉरी यांचा १९५१ चा पेपर तर तीन लाखांच्या पुढे गेलाय, कारण लॅबमध्ये ती पद्धत सगळेच वापरायचे. उलट ओहसुमींचा १९९३ चा पेपर छोटा, आणि जर्नलही 'नेचर'सारखं झगमगीत नाही. नुसतं जर्नलचं नाव बघून कुणी तो बाजूला ठेवला असता तर? हीच चूक टाळायला २०१२ मध्ये अमेरिकेतल्या पेशीजीवशास्त्रज्ञांच्या सॅन फ्रान्सिस्कोतल्या अधिवेशनात 'डोरा' जाहीरनाम्याची सुरुवात झाली. जर्नलच्या इम्पॅक्ट फॅक्टरवरून माणसाचं काम तोलू नका, असं तो सांगतो. माझं मत विचाराल तर आकडा शेवटी बघा. आधी पेपरचा सारांश वाचा, आणि प्रयोग कशावर केलाय तो शब्द शोधा: यीस्ट, उंदीर की माणूस.

मावशीला मी १९९२ च्या पेपरमधला फोटो दाखवला. "अगं मावशी, हे बघ, उपास यीस्टने केलाय!" ती हसली, पण पटलं नव्हतं. मग डॉक्टरांना फोन लावून दिला. त्यांनी गोळी बंद करायची नाही म्हणून बजावलं आणि उपवासाला काय, किती वेळाने खायचं तेही सांगितलं. एकादशी तिने केली, गोळी घेऊन. तो फॉरवर्ड मात्र ग्रुपवर अजून आहे, खाली मी पेपरची लिंक टाकून ठेवलीय.