कल्याण ते खोडद : रेडिओ दुर्बिणींची वाटचाल

१९६३ साली डॉ. होमी भाभांच्या बोलावण्यावरून डॉ. गोविंद स्वरूप अमेरिका सोडून टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झाले. सिडनीहून भेट मिळालेल्या १.८ मीटर व्यासाच्या ३२ तबकड्या त्यांनी कल्याणजवळ उभ्या केल्या आणि १९६५ मध्ये तिथून सूर्याचे निरीक्षण सुरू झाले. पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राची वाटचाल तिथूनच मोजली पाहिजे.

पण या तबकड्या नेमके काय करतात? दूरच्या ताऱ्याकडून येणाऱ्या लहरीचे तरंगाग्र सपाट असते. ते एका बिंदूवर आणायचे, तर त्याच्या प्रत्येक भागाला तिथवर पोहोचायला सारखाच वेळ लागला पाहिजे. भिंग मधल्या जाड भागात लहरीला मंदावते, तेवढ्यात कडेने लांबचा रस्ता घेतलेली लहर तिला गाठते. जगदीशचंद्र बोस यांनी १८९०च्या दशकात कोलकात्यात मिलिमीटर लहरींसाठी अशी भिंगे वापरली. पण दोन मीटर लांबीच्या लहरींसाठी भिंग करायचे, तर त्याचे वजनच पेलवणार नाही. तिथे अन्वस्ताकार तबकडी हेच काम परावर्तनाने करते.

१९७० मध्ये उटीची ५३० मीटर लांब, ३० मीटर रुंद दुर्बीण सुरू झाली. डोंगराचा उतार तिथल्या अक्षांशाइतकाच, ११ अंशांचा निवडला. त्यामुळे दुर्बिणीचा अक्ष पृथ्वीच्या अक्षाला समांतर राहिला आणि एका अक्षावर फिरवून तासन् तास एकच तारा टिपता येऊ लागला.

मग नारायणगावजवळचे खोडद. रेडिओ गोंगाट कमी म्हणून ही जागा निवडली. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. १४ मध्यभागी, बाकीच्या १६ तीन भुजांवर. जवळून पाहिले तर तबकडीत पत्रा नाही, अर्ध्या मिलिमीटरच्या स्टेनलेस स्टीलच्या तारेची जाळी आहे, ताणलेल्या दोरांवर बसवलेली. जाळीची भोके लहरीच्या मानाने इतकी लहान, की लहर परततेच, वारा मात्र आरपार जातो. म्हणून सांगाडा हलका झाला आणि खर्च आटोक्यात राहिला.

लहर जितकी आखूड, तितका तबकडीचा झोत, म्हणजे तिला एका वेळी दिसणारा आकाशाचा तुकडा, अरुंद : १५० मेगाहर्ट्झला सुमारे तीन अंश, १४२० मेगाहर्ट्झला जेमतेम ०.४ अंश. नाभीवरचा फीड, म्हणजे परतलेल्या लहरी टिपणारा अँटेना, तबकडीच्या कडांना मुद्दाम कमी महत्त्व देतो. मुख्य झोत किंचित रुंदावतो, पण नको त्या दिशांचे उपझोत दबतात. तीसही तबकड्यांचे संकेत योग्य तेवढा उशीर देऊन जुळवले, की २५ किलोमीटरची एकच दुर्बीण तयार होते.

२०२३ मध्ये या दुर्बिणीने सुमारे ८८० कोटी वर्षांपूर्वी निघालेला हायड्रोजनचा संकेत पकडल्याचे जाहीर झाले. वाटेतल्या दीर्घिकेच्या गुरुत्वाकर्षणाने भिंग होऊन तो सुमारे तीसपट तेजस्वी केला होता. हे यश पाहायला स्वरूप नव्हते. सप्टेंबर २०२० मध्ये त्यांचे निधन झाले.

दरवर्षी २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास खोडदला विज्ञान प्रदर्शन भरते. बेळगाव-निपाणीहून पुण्याचा महामार्ग सरळ आहे. पुढे नाशिक रस्त्याने नारायणगाव. सीमाभागातल्या शिक्षकांनी एकदा तरी आपली मुले तिथे न्यावीत. जगातले शास्त्रज्ञ ज्या दुर्बिणीवर वेळ मागतात, ती आपल्या माणसांनी, आपल्या मातीत उभी केली आहे, हे त्यांनी डोळ्यांनी पाहायला हवे.