नदी सोडून मका कुठे जाईल? मिसिसिपीच्या जलवाहतुकीचे अर्थगणित

रस्त्यापेक्षा पाण्यावरून माल नेणे स्वस्त पडते, हे मानवाला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. पण ही स्वस्ताई नेमकी किती आणि तिच्यासाठी सरकारी खजिन्यातून किती खर्च करणे योग्य, हा प्रश्न मात्र अलीकडचा आहे. होडी आपल्या वाटेने जात होती तोवर तो कोणाला पडला नाही. नदीला बंधारे घालून, तिचे पात्र खोल करून तिला बाराही महिने मालवाहू करण्याचे काम राज्यसंस्थेने अंगावर घेतले, तेव्हा तो उभा राहिला आणि त्याच्या उत्तरासाठी अर्थशास्त्राची एक शाखाच घडत गेली. अमेरिकेतील मिसिसिपी नदीच्या वरच्या खोऱ्यात या शाखेची सर्वांत कडक परीक्षा झाली. त्या परीक्षेचा इतिहास वाचताना जाणवते, की आकडेमोडीचा डोलारा कितीही वाढला तरी त्याच्या मुळाशी एकच साधा प्रश्न होता: नदी महाग झाली तर शेतकऱ्याचा मका कुठे जाईल?

या प्रश्नाची पहिली नीट मांडणी फ्रान्समध्ये झाली. द्रवांच्या गतीच्या समीकरणांमुळे ज्यांचे नाव आजही घेतले जाते त्या नाव्हिए या अभियंत्याने १८३२ मध्ये कालव्याचा लाभ मोजण्याची एक सरळ रीत सांगितली: रस्त्याने लागणारा खर्च आणि कालव्याने लागणारा खर्च यांतील दर टनामागचा फरक काढावा आणि कालव्यावरून जाणाऱ्या एकूण टनांनी त्याला गुणावे. बारा वर्षांनी, १८४४ मध्ये, झ्यूल द्युपुई या दुसऱ्या अभियंत्याने या रीतीतील चूक दाखवून दिली. कालवा झाल्यावरच जो माल हलू लागला तो आधी महाग रस्त्याने जातच नव्हता. मालकाला तो भाव परवडत नव्हता, म्हणून माल घरीच राहत होता. अशा मालाला पूर्ण फरकाचा लाभ झाला असे म्हणता येत नाही. त्याचा लाभ शून्य आणि तो फरक यांच्या दरम्यान कुठेतरी असतो. माणूस एखाद्या वस्तूसाठी जास्तीत जास्त किती मोजायला तयार आहे आणि प्रत्यक्षात त्याला किती मोजावे लागते, यांतील अंतराला अर्थशास्त्रात उपभोक्त्याचे संतोषाधिक्य म्हणतात. या संकल्पनेचा उगम द्युपुईच्या याच लेखनात शोधला जातो. मिसिसिपीवरचा पुढचा सारा वाद म्हणजे नाव्हिए आणि द्युपुई यांच्यातील मतभेदाचाच दूरवर पोचलेला पडसाद होता.

अमेरिकेत नद्या नौकानयनास योग्य राखण्याचे काम १८२४ पासून लष्कराच्या अभियंता दलाकडे आले. सुरुवातीला पात्रात रुतलेली झाडे उपसणे एवढेच त्याचे स्वरूप होते. पुढे १८७८ मध्ये वरच्या मिसिसिपीसाठी साडेचार फूट, १९०७ मध्ये सहा फूट आणि १९३० मध्ये नऊ फूट खोलीच्या जलमार्गाला संसदेने मान्यता दिली. ही नऊ फुटांची खोली केवळ गाळ काढून राखता येण्यासारखी नव्हती; त्यासाठी १९३० च्या दशकात नदीवर बंधाऱ्यांची रांग उभी राहिली आणि प्रत्येक बंधाऱ्याजवळ लॉक बांधण्यात आले. लॉक म्हणजे दोन्ही टोकांना दरवाजे असलेला लांबट हौद. बोट आत घेऊन एक दरवाजा लावायचा, हौदातले पाणी चढवायचे किंवा उतरवायचे आणि पातळी जुळली की दुसरा दरवाजा उघडायचा. मिनियापोलिसपासून सेंट लुइसपर्यंत असे २९ टप्पे आहेत आणि नदी तेथे जणू पायऱ्या उतरत जाते.

या पायऱ्यांची किंमत वसूल होते का, हे विचारण्याची सक्ती कायद्याने केली. १९०२ मध्ये नदी आणि बंदरांच्या प्रस्तावांची छाननी करण्यासाठी अभियंत्यांचे मंडळ स्थापन झाले. १९३६ च्या पूरनियंत्रण कायद्याने तर असे तत्त्वच घालून दिले, की लाभ कोणाच्याही पदरात पडोत, ते अंदाजित खर्चापेक्षा अधिक असले पाहिजेत. लाभ-व्यय विश्लेषणाचा, म्हणजे एका पारड्यात प्रकल्पाचे सर्व लाभ आणि दुसऱ्यात सर्व खर्च घालून तोलण्याच्या पद्धतीचा, हा मोठा टप्पा होता. १९५० मध्ये केंद्रीय खात्यांच्या संयुक्त समितीने या पद्धतीचे नियम एका पुस्तिकेत बांधले आणि तिच्या मुखपृष्ठाच्या रंगावरून ती हिरवी पुस्तिका म्हणून ओळखली जाऊ लागली. तत्त्व निर्मळ होते. अडचण ते लागू करण्यात होती, कारण खर्च करणारे खातेच लाभही मोजत होते.

नौकानयनाचा लाभ मोजायचा तर तुलनेसाठी रेल्वेचा कोणता दर धरायचा, यावर १९६० च्या दशकात मोठी ओढाताण झाली. नदी शेजारून वाहू लागली की रेल्वे आपले दर उतरवते. म्हणून स्पर्धेनंतर रेल्वे जो दर लावील तोच तुलनेसाठी धरावा, अशी पद्धत १९६४ मध्ये स्वीकारली गेली आणि त्याबरोबर कागदावरचे लाभ आटले. संसदेला हे रुचले नाही. १९६६ मध्ये वाहतूक खाते स्थापन करणाऱ्या कायद्यातच तिने लाभाची व्याख्या घालून टाकली, की त्या वेळच्या प्रचलित दरांशी तुलना करून जी बचत निघेल ती आणि जलमार्गावर अपेक्षित असलेली वाहतूक यांचा गुणाकार म्हणजे नौकानयनाचा लाभ. नाव्हिएची रीत अशा प्रकारे अमेरिकी कायद्यात येऊन बसली. अर्थशास्त्रीय प्रश्नाचे उत्तर मतदानाने ठरवण्याचे याहून ठळक उदाहरण सार्वजनिक अर्थव्यवहाराच्या इतिहासात क्वचितच सापडेल.

दरम्यान नदीवरची रहदारी बदलली होती. १९३० च्या दशकातील बहुतेक लॉक ६०० फूट लांब आणि ११० फूट रुंद होते. पुढे एका बार्जची, म्हणजे स्वतःचे इंजिन नसलेल्या मालवाहू नौकेची, ठरीव मापे १९५ फूट लांबी आणि ३५ फूट रुंदी अशी झाली, त्यात सुमारे १,५०० टन माल मावू लागला आणि तीन-तीनच्या पाच रांगांत पंधरा बार्ज पोलादी तारांनी घट्ट बांधून मागून एकच बोट त्यांना ढकलू लागली. हा ताफा सुमारे १,२०० फूट लांब होतो, म्हणजे लॉकच्या दुप्पट. तो लॉकपाशी आला की खलाशी बार्जेसच्या मधल्या तारा सोडतात. पुढचे नऊ बार्ज आत ढकलले जातात, बोट मागे हटते, दरवाजे लागतात, पाणी उतरते आणि इंजिनाविना असलेला हा तुकडा कपीच्या दोराने बाहेर ओढून काठाशी बांधून ठेवतात. मग हौद पुन्हा भरायचा, उरलेले सहा बार्ज आणि बोट आत घ्यायची, खाली उतरवायची आणि थंडीवाऱ्यात ओल्या पोलादावर उभे राहून त्याच तारा पुन्हा आवळायच्या. लॉक १,२०० फूट लांब असेल तर जे काम पाऊण तासात उरकते, त्याला येथे दीड ते दोन तास लागतात. कापणीच्या हंगामात मागे ताफ्यांची रांग लागते आणि थांबलेल्या प्रत्येक तासाचा इंधन-मजुरीचा खर्च मक्याच्या भाड्यावर चढतो.

लॉक लांब करा, ही मागणी याच खोळंब्यातून आली. सेंट लुइसच्या वरच्या अंगाला असलेल्या २६ क्रमांकाच्या लॉकच्या जागी नवा लॉक बांधण्याच्या योजनेला १९७४ मध्ये रेल्वे कंपन्या आणि पर्यावरण संघटना यांनी मिळून न्यायालयात आव्हान दिले. तोडगा १९७८ च्या कायद्यात निघाला: लॉकला परवानगी मिळाली आणि त्या बदल्यात, तोवर फुकट वापरल्या जाणाऱ्या जलमार्गावर प्रथमच इंधनकर बसला. १९८६ पासून नव्या बांधकामाचा निम्मा खर्च या करातून जमणाऱ्या निधीवर टाकण्यात आला. अंदाज किती चुकू शकतात हेही याच काळात दिसले. टेनेसी आणि टॉमबिग्बी या नद्यांना जोडणारा २३४ मैलांचा जलमार्ग जवळपास दोन अब्ज डॉलर खर्चून १९८५ मध्ये खुला झाला, परंतु त्याच्या समर्थनार्थ मांडलेल्या वाहतुकीच्या निम्म्यापर्यंतही प्रत्यक्ष वाहतूक कधी पोचली नाही.

अशा पार्श्वभूमीवर १९९३ मध्ये अभियंता दलाने वरची मिसिसिपी आणि इलिनॉय जलमार्ग यांच्या विस्ताराचा व्यवहार्यता-अभ्यास हाती घेतला. दलाचे जुने गणिती प्रारूप, म्हणजे वास्तवाची समीकरणांत मांडलेली प्रतिकृती, असे मानत असे की बार्जचे भाडे रेल्वेच्या दराला भिडेपर्यंत सगळा माल नदीवरच राहतो आणि भिडताच सगळाच्या सगळा उठून जातो. दलाचे अर्थशास्त्रज्ञ डॉनल्ड स्वीनी यांनी एसेन्स नावाचे नवे प्रारूप मांडले. त्यातील कल्पना शेतीच्या भूगोलावर आधारलेली होती. मका एका जागी नव्हे, विस्तीर्ण पट्ट्यात पिकतो. नदीकाठच्या शेतकऱ्याला बार्ज सोडवत नाही, पण दूरच्या शेतकऱ्याला रेल्वे, जवळचा प्रक्रिया-कारखाना किंवा पशुखाद्याचा ग्राहक जवळजवळ तितकाच सोयीचा असतो. म्हणून भाडे थोडे वाढले तरी कडेचा माल आधी सुटतो, मग त्याच्या आतला. ही गळती किती वेगाने होते ते प्रारूपात एन या एका संख्येने सांगितले जाई.

या एका संख्येभोवती सारा अभ्यास फिरला. स्वीनी यांच्या गटाने काढलेल्या उत्तरानुसार मोठ्या लॉकचा खर्च निदान काही दशके तरी भरून निघत नव्हता. १९९८ मध्ये स्वीनी यांना अभ्यासाच्या आर्थिक बाजूच्या नेतृत्वावरून दूर करण्यात आले, एनचे मूल्य १.५ वरून १.२ वर आले, म्हणजे गळती मंद धरली गेली, आणि त्याबरोबर बांधकामाचे पारडे जड झाले. फेब्रुवारी २००० मध्ये स्वीनी यांनी शासकीय जागल्यांच्या तक्रारी ऐकणाऱ्या कार्यालयाकडे प्रतिज्ञापत्र दिले, आणि वर्षअखेरीस लष्कराच्या महानिरीक्षकांच्या चौकशीने काही वरिष्ठ अधिकाऱ्यांवर ठपका ठेवला. एका सरकारी अर्थशास्त्रज्ञाने घातांकासारख्या दिसणाऱ्या किरकोळ संख्येसाठी आपली नोकरी पणाला लावावी, याचे मोल मोठे आहे. कारण सामान्य करदात्याला त्या संख्येचा पत्ता लागण्याचा दुसरा कोणताही मार्ग नव्हता.

यानंतर प्रकरण राष्ट्रीय संशोधन परिषदेकडे गेले. लेस्टर लेव्ह यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २००१ च्या अहवालात स्वीनी यांची दिशा योग्य ठरवली, पण त्यांचे प्रारूपही पुरते मान्य केले नाही, हे या अहवालाचे मोठेपण होय. एन १.५ असो की १.२, दोन्ही मूल्यांना प्रत्यक्ष माहितीचा आधार नव्हता. मक्याचे मालक भाडेवाढीला कसे वागतात हे कोणी त्यांना विचारलेच नव्हते. समितीने स्थलीय समतोलाचे प्रारूप सुचवले, म्हणजे असे प्रारूप ज्यात निरनिराळ्या ठिकाणचे भाव, वाहतूकदर आणि जगभरची धान्याची मागणी एकमेकांशी जुळत जातात. काँक्रीट ओतण्याआधी ताफ्यांना वेळा नेमून देणे, तुकडे ओढायला मदतनीस बोटी ठेवणे, गर्दीच्या वेळी शुल्क आकारणे असे स्वस्त उपाय आधी तपासावेत, असेही तिने बजावले.

दलाने पुढे विद्यापीठांतील अर्थशास्त्रज्ञांना हाताशी धरून नौकानयनाच्या अर्थशास्त्रावर संशोधनाचा कार्यक्रम सुरू केला. केनेथ ट्रेन आणि वेस्ली विल्सन यांनी धान्याच्या कोठारवाल्यांना थेट प्रश्न विचारले: शेवटची खेप कुठे आणि कशाने पाठवली, तो मार्ग अमुक टक्के महाग झाला तर काय कराल, वेळ इतका वाढला तर काय? आधी प्रत्यक्ष केलेली निवड नोंदवायची आणि तिच्यावरच काल्पनिक बदल रचून पुन्हा विचारायचे, अशी ही रीत होती. काही कोठारवाले आपला मार्ग बदलणार नव्हते आणि बरेच बदलणार होते. माल नदीला खिळलेला आहे हे जुन्या प्रारूपाचे गृहीतक त्या उत्तरांपुढे टिकले नाही. द्युपुईनंतर दीडशेहून अधिक वर्षांनी त्याच्या मुद्द्याला प्रत्यक्ष उत्तरांचा आधार मिळाला.

नव्याने मांडलेला अभ्यास २००४ मध्ये पूर्ण झाला. त्यात भविष्याचा एकच आकडा नव्हता, तर वाहतुकीची पाच वेगवेगळी चित्रे ठेवली होती. प्रतिकूल चित्रात विस्तार तोट्याचा ठरत होता आणि अनुकूल चित्रात फायद्याचा. निर्णय त्यामुळे पुन्हा राजकारण्यांच्या हाती आला, पण निदान अनिश्चितता झाकली गेली नाही, आणि हे या साऱ्या वादाचे सर्वांत टिकाऊ फळ म्हटले पाहिजे. राष्ट्राध्यक्षांचा नकाराधिकार डावलून २००७ मध्ये संसदेने १,२०० फुटांच्या सात नव्या लॉकना मंजुरी दिली. त्यानंतरही पैसा सहज मिळाला नाही. ओहायो नदीवरील ओल्मस्टेड येथील लॉक आणि बंधाऱ्याचे काम १९८८ मध्ये ७७ कोटी ५० लाख डॉलरच्या अंदाजावर मंजूर झाले होते. ते २०१८ मध्ये पुरे होईपर्यंत खर्च सुमारे तीन अब्ज डॉलरवर गेला आणि जलमार्गाच्या निधीचा मोठा भाग त्यातच अडकून राहिला. सात लॉकपैकी पहिल्यासाठी, सेंट लुइसच्या वरच्या २५ क्रमांकाच्या लॉकसाठी, ७३ कोटी २० लाख डॉलर जानेवारी २०२२ मध्ये मंजूर झाले, म्हणजे अभ्यास सुरू झाल्यापासून २९ वर्षांनी. तोवर त्या जागी १९३० च्या दशकातल्या ६०० फुटी हौदापाशी प्रत्येक मोठा ताफा दोन तुकड्यांत तोडून पार केला जात होता.