वारा कळतो कसा? खळं, शीड आणि अनुमान



बीड जिल्ह्यात बसून शिडाच्या नावेवर बोलायचं, हे ऐकून काहींना हसू आलं असेल. आपल्याकडे समुद्र नाही. गोदावरी, सिंदफणा, मांजरा हेच आपलं पाणी. पण आजचा विषय समुद्रापेक्षा वाऱ्याचा आहे, आणि वारा ओळखणारी माणसं आपल्या गावोगावी होती. खळ्यात वावडीवर उभं राहून ज्वारी उफणणारा शेतकरी आठवा. तो आधी चिमूटभर भुसा हवेत सोडून बघायचा. वारं पडलं की पाटी खाली ठेवायचा, सुटलं की उचलायचा. पाटी किती कलती धरायची, हे तो थोरल्यांच्या शेजारी उभा राहून शिकलेला असायचा.

प्रश्न असा, की जो वारा डोळ्यांना दिसत नाही, तो कळतो कसा? आपल्या दर्शनांमध्ये यावर वाद झालेला आहे. जुने वैशेषिक म्हणत, वायूला रूप नाही, म्हणून त्याचं प्रत्यक्ष ज्ञान होत नाही; तो अनुमानानेच कळतो. अनुमानाला खूण लागते. त्यांनी खुणा चार सांगितल्या: स्पर्श, शब्द, धृती आणि कंप. वारा अंगाला लागतो, पानांत वाजतो, कापसाचं बोंडूक अधांतरी धरून ठेवतो आणि फांदी हलवतो. नव्य नैयायिकांना हे पटलं नाही. ते म्हणाले, त्वचेला वारा लागला की तो प्रत्यक्षच कळला, मध्ये अनुमान कशाला?

हा वाद पोथीतला वाटतो. पण शिडाच्या नावेत पहिल्यांदा बसलेल्या माणसाला तो अक्षरशः हातात धरावा लागतो. नाव थेट वाऱ्याच्या तोंडावर जात नाही. साधारण ४५ अंशांचा कोन ठेवावा लागतो. वाऱ्याच्या दिशेचं ठिकाण गाठायचं तर एकदा डाव्या अंगाने, एकदा उजव्या अंगाने वारा घेत नागमोडी जावं लागतं. शीड लावायचा नियम ऐकायला सोपा आहे. शिडाची पुढची कड फडफडू लागेपर्यंत दोरी सैल सोडायची, मग फडफड थांबेल एवढीच ओढायची. म्हणजे वैशेषिकांचा कंप. नवशिक्याला फडफडीची धास्ती वाटते, म्हणून तो दोरी गच्च आवळतो. आवळलेलं शीड फडफडत नाही, त्यामुळे चूक दाखवणारी खूणच नाहीशी होते. नाव कलते, वेग मात्र मंदावतो.

स्पर्शही फसवतो बरं का. वारा नसला तरी मोटारसायकलवर तोंडाला वारा लागतोच. नावेचंही तसंच. तिच्या वेगाचा वारा खऱ्या वाऱ्यात मिसळतो, आणि शिडाला लागतो तो हा मिसळलेला वारा. खऱ्या वाऱ्याची दिशा पाहायची तर पाण्यावरच्या बारीक लाटांकडे बघावं लागतं. एका खुणेवर भागत नाही. चारही ताडून पाहाव्या लागतात.

आता इतिहासाकडे येऊ. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने 'पेरिप्लस' नावाचं सागरी मार्गवर्णन लिहिलं. त्यात भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण सांगितलं आहे आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर. हे तगर म्हणजे आपल्या शेजारच्या धाराशिव जिल्ह्यातलं तेर. पैठण आणि तेर यांच्या मधला मुलूख तो आपला. तगरचं जाडंभरडं आणि तलम कापड गाड्यांतून, धड रस्ते नसलेल्या प्रदेशांतून भडोचला जाई आणि तिथे जहाजात चढे.

इजिप्तहून भडोचला यायला जुलैत निघावं, असं त्या ग्रंथात आहे. जुलैच का? तांबड्या समुद्रातून बाहेर पडून अरबी समुद्र ओलांडायला नैऋत्य मोसमी वारा पाठीशी मिळतो, आणि आपल्या किनाऱ्यावर पोहोचेपर्यंत त्याचा जोर ओसरू लागलेला असतो. परतायचं ते हिवाळ्यात, ईशान्येकडून वाहणाऱ्या वाऱ्यावर. बघा, ज्या पावसाळी वाऱ्याची वाट आपला शेतकरी पाहत होता, त्याच वाऱ्याचा हिशेब खलाशी करत होता. एकाने कापूस पिकवला, दुसऱ्याने त्याचं कापड नेलं. समुद्राशी आपला संबंध नाही असं म्हणताना हे विसरू नये.

ही विद्या आज हातातून निसटते आहे. मळणीयंत्र आलं, उफणणी संपली. इंजिन आलं, शीड उतरलं. कष्ट वाचले, ते चांगलंच झालं. पण असं ज्ञान पुस्तकात पुरतं उतरत नाही. एक पिढी शिकली नाही, की पुढच्या पिढीला शिकवायला कोणी उरत नाही.

तरी ते पुन्हा मिळवता येतं, याचा दाखला आहे. निवृत्त व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी फलटणजवळच्या विंचुर्णीत राहत, समुद्रापासून लांब. भारतीयाने एकट्याने शिडाच्या नावेतून पृथ्वीप्रदक्षिणा करावी, ही कल्पना त्यांची. २००६ मध्ये कमांडर दिलीप दोंदे पुढे आले. नौदलात ते पाण्याखाली उतरून काम करणारे अधिकारी होते. इंग्लंडमध्ये रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांच्याजवळ राहून ते शिकले. गोव्यात रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात 'म्हादेई' बांधली गेली. ऑगस्ट २००९ मध्ये दोंदे मुंबईहून निघाले आणि वाटेत चार बंदरांत थांबून मे २०१० मध्ये परतले. अशी प्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय.

मग वैशेषिक बरोबर की नव्य नैयायिक? मला वाटतं, दोघेही. फक्त ते वेगवेगळ्या माणसांबद्दल बोलत आहेत. नवशिक्याचा वारा अनुमानाचा असतो. तो खूण पाहतो, विचार करतो, मग दोरी ओढतो. मुरलेल्या तांडेलाचा वारा प्रत्यक्ष असतो. त्याचा हात आधीच हललेला असतो. शिकणं म्हणजे पहिल्याकडून दुसऱ्याकडे जाणं, आणि ही वाट सरावाशिवाय सरत नाही.

घरी जाऊन एक करा. माजलगावच्या धरणाच्या काठावर अर्धा तास उभे राहा. झुळूक येते तिथे पाणी आधी काळसर होतं. तो पट्टा आपल्याकडे सरकताना बघा, आणि गालाला वारा लागेपर्यंत आकडे मोजा.