एक घाट आणि तीन खोट्या गोष्टी

२० ऑक्टोबर १८७२. रात्री आठच्या गाडीने फिलियस फॉग मुंबईहून निघतो. ऐंशी दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण करायची पैज त्याने लावली आहे. सोबत पासपार्तू हा फ्रेंच नोकर आहे आणि बोटीवर भेटलेला क्रोमार्टी नावाचा लष्करी अधिकारी. कल्याण मागे पडतं, गाडी सह्याद्रीत शिरते. क्रोमार्टी म्हणतो, काही वर्षांपूर्वी आला असतात तर इथेच अडकला असतात. तेव्हा रेल्वे डोंगराच्या पायथ्याशी संपायची आणि प्रवाशांना पालखीतून किंवा तट्टावर बसून डोंगरापलीकडच्या खंडाळ्याला जावं लागायचं. मग रात्रीतून डोंगर सरतात, नाशिक जातं आणि सकाळ उजाडते ती खानदेशात.

ज्यूल्स व्हर्नची ही कादंबरी जगभर वाचली गेली. पण नाशिककडचा वाचक इथे हमखास अडखळतो. नाशिकच्या वाटेवर खंडाळा कुठून आला?

खंडाळा पुण्याच्या वाटेवर, बोरघाटात. कल्याणला रूळ फुटतात: एक फाटा कर्जतवरून बोरघाट चढून पुण्याकडे जातो, दुसरा कसाऱ्यावरून थळघाट चढून नाशिककडे. हा दुसरा घाट चढल्यावर जे गाव लागतं ते इगतपुरी. फॉगची गाडी तिथूनच जायला हवी. व्हर्नने दोन घाट एकात एक मिसळले आणि इगतपुरीचं नावच गाळलं.

ही या घाटातली पहिली खोटी गोष्ट. अजाणतेपणी सांगितलेली.

व्हर्न हिंदुस्थानात कधी आलाच नव्हता. त्याच्यापुढे होते नकाशे, वेळापत्रकं, वर्तमानपत्रं आणि इतरांची प्रवासवर्णनं. तेवढ्यावर त्याने सह्याद्री उभा केला. त्यामुळे पुढे खानदेशात पासपार्तूला जाग येते तेव्हा इंजिनाचा धूर कापसाच्या शेतांबरोबर कॉफी, जायफळ, लवंग आणि मिरीच्या मळ्यांवरूनही वाहत असतो. जळगाव-भुसावळकडच्या कुणालाही हे वाचून दाखवा. कापसापर्यंत तो मान डोलावेल, लवंगेला हसेल.

हसून झालं की एक प्रश्न उरतो. इतक्या चुका असूनही ही कादंबरी चालते का?

त्याचं उत्तर दुसऱ्या खोट्या गोष्टीत आहे.

फॉगची गाडी मध्य हिंदुस्थानातल्या जंगलात अचानक थांबते. पुढे रूळच नाहीत. लंडनच्या वर्तमानपत्राने मार्ग पूर्ण झाल्याचं छापलं होतं, प्रत्यक्षात अलाहाबादपर्यंतचा तुकडा व्हायचा आहे. फॉग दोन हजार पौंड मोजून हत्ती विकत घेतो. हत्तीवरून जाताना सती जाण्यासाठी नेली जाणारी औदा दिसते आणि तिला सोडवायचं ठरतं. तोवर घड्याळासारखा चालणारा फॉग पहिल्यांदा स्वतःचा वेळ दुसऱ्या माणसासाठी खर्च करतो. कादंबरीतलं सगळ्यात महत्त्वाचं वळण हेच.

आणि ते घडण्याची काहीही शक्यता नव्हती. मुंबईहून निघालेला जीआयपी रेल्वेचा मार्ग जबलपूरला अलाहाबादकडून आलेल्या मार्गाला १८७० सालीच जोडला गेला होता. फॉग येतो १८७२च्या ऑक्टोबरमध्ये. खरा फॉग डब्यात पत्ते खेळत कलकत्त्याला पोचला असता. हत्ती नाही, औदा नाही, कादंबरीही नाही.

मार्ग पूर्ण झाल्याची बातमी व्हर्नला माहीत होती. त्याने ती कादंबरीतल्या वर्तमानपत्राच्या तोंडी घातली आणि मग स्वतःच्या हाताने रूळ उखडले. म्हणजे खंडाळा ही चूक आहे, पण तुटलेले रूळ ही निवड आहे. खंडाळ्याने गोष्टीला काही मिळत नाही. तुटलेल्या रुळांमुळे एका थंड माणसाला माणूस व्हावं लागतं.

कथा लिहिणाऱ्याला हा फरक कळला की निम्मी लढाई संपली. खोटं तर लिहायचंच आहे. पण पात्राला अशा जागी आणण्यासाठी लिहायचं, जिथे त्याची नेहमीची सवय चालणार नाही. न पाहता, न विचारता घुसलेलं खोटं मात्र फक्त वाचकाचा विश्वास खातं.

आता व्हर्नने या घाटात काय पाहिलं नाही, तेही बघू.

कसारा ते इगतपुरी हा रेल्वेमार्ग १ जानेवारी १८६५ला खुला झाला. चढ ३७ला १, म्हणजे ३७ फूट पुढे गेलं की १ फूट वर. आजही कसाऱ्याला गाडीमागे जादा इंजिनं लावतात. रेल्वेवाले त्यांना ‘बँकर’ म्हणतात. ती मागून रेटत गाडी वर आणतात आणि इगतपुरीला सुटतात. इथले बोगदे, पूल आणि कापलेला काळा कातळ माणसांच्या हातांनी झाला. शेजारच्या बोरघाटात कामाच्या ऐन भरात चाळीस हजारांहून जास्त मजूर राबत होते. त्या घाटाचा ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल आल्यावर लवकरच वारला आणि त्याची बायको अॅलिस हिने ठेका पुढे नेला. ही दोन्ही नावं इतिहासात आहेत. ज्यांनी सुरुंगाची भोकं पाडली, टोपल्या वाहिल्या, जे तापाने आणि पटकीने गेले, त्यांची नावं सहसा कुठे सापडत नाहीत.

व्हर्नच्या पानांवर इंजिन चालवणारा इंग्रज आहे, कोळसाही इंग्लंडचा आहे. ज्यांनी घाट फोडला ते नाहीत. फॉग तसाही खिडकीबाहेर पाहत नाही. पण लेखकाचीही नजर तिकडे गेली नाही, हे जास्त महत्त्वाचं. पात्र कोणाला करायचं हे लेखक ठरवतो. ज्याला तो पात्र करत नाही, तो गोष्टीत नुसता डोंगर होऊन राहतो.

मराठीत व्हर्न आला तो मुख्यतः भा. रा. भागवतांच्या हातून. मराठी मुलांच्या पिढ्यांनी चंद्रावरची आणि समुद्राखालची सफर त्यांच्या शब्दांत केली. पण भागवत भाषांतरावर थांबले नाहीत. साहसाचं ते वेड घेऊन त्यांनी स्वतःचा नायक घडवला: बनेश, म्हणजे बन्या, ऊर्फ फास्टर फेणे. तो लंडनच्या क्लबातून येत नाही, पुण्याजवळच्या फुरसुंगीतून येतो. अंगाने काटकुळा, सायकलवर स्वार, तोंडात ‘टॉक्’. २०१७च्या सिनेमामुळे तो नव्या पिढीलाही माहीत झाला. पात्राला एक गाव, एक वाहन आणि तोंडातून निघणारा एक आवाज दिला की ते किती वर्षं टिकतं, याचा हा घरचा दाखला. खुद्द फुरसुंगी नसती, तर बन्या हा फॉगचा लहान भाऊ झाला असता.

तरीही घाट फोडणाऱ्यांची जागा रिकामीच होती.

इगतपुरीहून नाशिककडे गेलं की नाशिकरोडजवळ विहितगाव लागतं. १७ जुलै १९३०ला तिथे बाबुराव बागूल जन्मले. लहानपणीच ते मुंबईला मावशीकडे, माटुंग्याच्या लेबर कॅम्पात राहायला गेले. नाशिकहून मुंबईला रेल्वेने जा की रस्त्याने, घाट उतरायचा तो इगतपुरीवरूनच. फॉग ज्या वाटेने चढला, त्याच वाटेने हा मुलगा उतरला. फरक इतकाच की फॉगच्या खिशात वीस हजार पौंड होते आणि कोणी त्याला जात विचारली नव्हती.

पुढे बागुलांनी मिळेल ते काम केलं. रेल्वेत नोकरी लागली ती सुरतेकडे. तिथे खोली मिळवायची तर जात लपवणं भाग होतं. या अनुभवातून आली ‘जेव्हा मी जात चोरली होती’ ही कथा. त्याच नावाचा संग्रह १९६३ साली आला आणि मराठी कथेचा सांधाच बदलला.

आता ही तिसरी खोटी गोष्ट नीट बघा, कारण ती लेखकाची नाही, पात्राची आहे.

कथेतला ‘मी’ रेल्वेचा नवा कामगार आहे. तरुण आहे, कविता करतो, नोकरीच्या आनंदात आहे. रणछोड हा सहकारी खोलीच्या बोलण्यात त्याला जात विचारतो. या एका प्रश्नावर सगळी कथा उभी आहे. नायक धडधडीत खोटं बोलत नाही. तो चिडतो, आपण मुंबईकर आहोत, आपल्याला जात कसली विचारता, असा पवित्रा घेतो. रणछोड ओशाळतो आणि रिकामी जागा आपल्या मनाने भरून टाकतो. असा हुशार, तेजस्वी बोलणारा माणूस वरच्या जातीचाच असणार!

इथे रचना किती साधी आहे बघा. एक माणूस एक गोष्ट लपवतो. ती लपलेली आहे तोवर त्याला खोली, आदर, मैत्री सगळं मिळतं. त्यामुळे जितकं चांगलं घडतं तितकी भीती वाढते. प्रत्येक प्रेमळ वाक्य वाचकाच्या पोटात गोळा आणतं, कारण ते प्रेम कोणत्या समजावर टेकलेलं आहे हे आपल्याला माहीत असतं. हत्ती लागत नाही, तुटलेले रूळ लागत नाहीत.

आणि नायकासमोर बागूल उभा करतात काशीनाथला. तोही त्याच जातीचा, त्याच रेल्वेत, पण तो काही लपवत नाही. अपमान झाला की अंगावर जातो, जवळ चाकू बाळगतो. एकाच संकटाला दोन माणसं दोन तऱ्हांनी तोंड देतात. यातला बरोबर कोण, हे लेखक सांगत नाही. शेवटी जात उघड होते, नायकाला बेदम मार बसतो आणि त्याला सोडवायला काशीनाथच धावतो. तेव्हा नायक म्हणतो त्याचा आशय असा, की मला या माणसांनी मारलं नाही, मनूने मारलं.

या वाक्याने मारणारी माणसं सुटत नाहीत, पण ती राक्षसही होत नाहीत. रणछोड वाईट माणूस असता तर कथा सोपी झाली असती. तो चांगला आहे, म्हणून ती भयंकर आहे. खलनायक घडवायला राग पुरतो. ज्याच्या हातून घात होतो त्याला माणूस ठेवायला मात्र रागाच्या पलीकडे पाहावं लागतं. ज्याने स्वतः हे भोगलं त्याने ते पाहिलं, म्हणून ही कथा साठ वर्षांनंतरही जुनी होत नाही. भाड्याची खोली शोधताना आजही आडनावावर नजर अडखळते, हे तुमच्यातल्या अनेकांनी अनुभवलं असेल. काहींनी ती नजर टाकलीही असेल.

१९६९ साली बागुलांचा ‘मरण स्वस्त होत आहे’ हा संग्रह आला. त्याच्या शीर्षककथेत मुंबईवर गोष्ट लिहू पाहणारा एक लेखक आहे आणि त्याचा कवी मित्र. लेखकापुढे माणसांच्या कहाण्यांचा ढीग आहे, एकेक कहाणी दुसरीपेक्षा दारुण. अडचण सामग्रीची नाहीच. एवढ्या माणसांना एका गोष्टीत मावायचं कसं, ही अडचण आहे. व्हर्नकडे माणसं नव्हती म्हणून त्याने वेळापत्रक वापरलं. बागुलांकडे माणसं इतकी होती की वेळापत्रकच मोडलं.

लिहायला बसलेल्या माणसाला या घाटातून काय मिळतं?

पहिलं, जागा नक्की करा. खंडाळा की इगतपुरी, हे एका शब्दाचं काम आहे. तेवढं चुकलं की तिथला माणूस पुस्तक मिटतो. आणि कथा ज्याच्याबद्दल आहे त्यानेच पुस्तक मिटलं तर उरलं काय?

दुसरं, मोडतोड करायची तर जाणूनबुजून करा. कोणता रूळ उखडला म्हणजे तुमच्या पात्राला खाली उतरून चालावं लागेल, ते शोधा.

तिसरं, पात्राची उंची, डोळ्यांचा रंग, आवडीचं गाणं यांची यादी करण्याआधी विचारा की हा माणूस काय लपवतो आहे, कोणापासून, आणि ते उघडं पडलं तर त्याचं काय जाईल? या तीन उत्तरांतून कथानक आपोआप हलायला लागतं.

आणि चौथं, खिडकीबाहेर बघा.

बाबुराव बागूल २६ मार्च २००८ला नाशिकमध्ये गेले. इगतपुरीला आजही गाडी थांबते. घाट चढून आलेल्या गाडीची मागची इंजिनं तिथे सुटतात. डब्यात बसलेल्याला हे कळतही नाही, कारण ज्याने रेटलं तो मागे होता. तेवढ्या वेळात डब्यातले बहुतेकजण मोबाइलमध्ये असतात, फॉग आपल्या पत्त्यांमध्ये होता तसे. फलाटावर इंजिन सोडवणारा कामगार रुळांमध्ये उतरलेला असतो. गाडी सुटण्याआधी तो वर येतो, हात पुसतो आणि हिरव्या सिग्नलकडे पाहतो.

त्याचं नाव काय असेल, इथूनही गोष्ट सुरू होऊ शकते. पण त्याला तुम्ही पहिला प्रश्न कोणता विचारता, त्यावर ती कुठे जाणार हे ठरतं.