संसाराच्या वर्षांचा हिशेब



इतिहास म्हटला कीं सनावळी आठवते. परंतु वर्षांचा हिशेब राजांच्या कारकीर्दीपुरताच असतो असें नाहीं. तो घराच्या उंबरठ्याआंतही चालत आला आहे. संसार किती वर्षें झाला यावरून तो मोडण्याचा अधिकार आणि मोडल्यानंतरची पोटगी ठरावी काय, हा प्रश्न आजच्या न्यायालयांपुढें येतो. आपल्या शास्त्रकारांनींही वर्षें मोजलीं होतीं. तीं कोणतीं, हें प्रथम पाहूं.

मनुस्मृति सांगते कीं, पति धर्मकार्यासाठीं परदेशीं गेला तर पत्नीनें ८ वर्षें, विद्येसाठीं किंवा कीर्तीसाठीं गेला तर ६, आणि कामसुखासाठीं गेला तर ३ वर्षें वाट पाहावी. पुढें तिनें काय करावें, याविषयीं मनु बोलत नाहीं. नारदस्मृति मात्र बोलते. ब्राह्मण स्त्रीनें ८ वर्षें, अपत्य नसेल तर ४ वर्षें थांबावें आणि मग दुसरा पति करावा, असें तींत सांगितलें आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत पुरुषासही मुदत घातली आहे. पत्नीस मूल न झाल्यास ८ वर्षें आणि मुलीच झाल्यास १२ वर्षें थांबल्यावांचून त्यानें दुसरी पत्नी करूं नये. केल्यास तिचें स्त्रीधन व भरपाई द्यावी आणि वर दंड भरावा.

हे नियम वाचतांना एक गोष्ट ध्यानांत येते. येथें मोजलीं तीं वर्षें वाट पाहण्याचीं किंवा अपत्याचीं. स्वयंपाक, आजारपणें, सासूसासऱ्यांची सेवा यांत स्त्रीचीं जीं वर्षें खर्चीं पडलीं, त्यांचें मोल या हिशेबांत कोठेंच मांडलेलें नाहीं.

पुढें उच्चवर्णीयांत विवाह अविच्छेद्य मानला गेला. महाराष्ट्रांतील अनेक जातींत मात्र काडीमोड आणि पाट यांची रूढि चालू राहिली. तेथें निवाडा जातपंचायत करी. बडोद्यास सयाजीराव महाराजांच्या राज्यांत १९३१ सालीं आणि मुंबई प्रांतांत १९४७ सालीं हिंदूंच्या घटस्फोटाचा कायदा झाला. त्यानंतर १९५५ सालीं हिंदु विवाह कायदा आला. त्यांतही वर्षें आहेत. विवाहानंतर ३ वर्षें होईपर्यंत सामान्यतः घटस्फोटाचा अर्ज करतां येत नसे. १९७६ सालीं ही मुदत १ वर्षावर आली, आणि जोडीदारास २ वर्षें टाकून राहणें हें घटस्फोटाचें स्वतंत्र कारण ठरलें.

पोटगीच्या कलमांत मात्र दोघांची मिळकत, मालमत्ता आणि वर्तन पाहण्यास सांगितलें होतें. संसाराच्या कालावधीचा उल्लेख नव्हता. २०२० सालीं सर्वोच्च न्यायालयानें एका निकालांत म्हटलें कीं, कायम पोटगी ठरवितांना विवाह किती काळ टिकला हें विचारांत घ्यावें. अल्पकाळच्या विवाहास जन्मभराची पोटगी न्याय्य ठरेलच असें नाहीं. घरासाठीं आणि मुलांसाठीं स्त्रीनें नोकरीवर पाणी सोडलें होतें काय, हेंही पाहण्यास त्याच निकालांत सांगितलें आहे.

मला वाटतें, हीं दोन्ही वचनें एकत्रच वाचावीं. पहिलें तेवढें वाचलें, तर वर्षांची गणना ही रक्कम कमी करण्याची एक युक्ति होऊन बसेल. २५-३० वर्षें घर सांभाळून पन्नाशींत एकटी पडलेल्या स्त्रीनें नव्यानें चाकरी कोठें शोधावी? पतीची बढती तिच्याही कष्टांवर उभी असते. शास्त्रकारांनीं तिच्या प्रतीक्षेचीं वर्षें मोजलीं. आपण तिच्या कष्टांचीं मोजावीं, एवढेंच माझें म्हणणें आहे.