ध्वज बांधलेली काठी

‘गुप्ती’ म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे वरून साधी काठी दिसणारे आणि पोटात पाते दडविलेले शस्त्र येते. शब्द संस्कृत आहे, परंतु तेथे त्याचा मूळ अर्थ लपविणे हा नाही. ‘गुप्’ म्हणजे रक्षण करणे. गोप आणि गोप्ता ही त्याच घरची भावंडे. जे राखायचे ते झाकून ठेवायचे, या नित्याच्या व्यवहारातून ‘गुप्त’ या शब्दाला दडलेले हा अर्थ चिकटला असावा. जैन परिभाषेत तर गुप्ती म्हणजे मन, वाणी आणि काया यांचा संयम. शस्त्र, संरक्षण आणि संयम असे तीन अर्थ एका शब्दात नांदतात, ही गोष्ट भाषेच्या अभ्यासकाला सुखावणारी असली तरी कायदा करणाऱ्याला ती सोयीची नाही.

स्वसंरक्षणासाठी शस्त्र जवळ बाळगावे काय, बाळगल्यास ते दिसू द्यावे की झाकावे, या प्रश्नाकडे आम्ही येथे वकिलाच्या दृष्टीने पाहणार नाही. आमचे कुतूहल असे, की शस्त्र कशाला म्हणायचे हे आपल्याकडे ठरले कसे. त्यासाठी भिवंडीइतके बोलके ठिकाण आम्हांस दुसरे दिसत नाही.

तुलनेसाठी क्षणभर अमेरिकेकडे पाहू. तेथे वाद मुख्यतः अंगावरच्या कपड्याचा आहे: पिस्तूल उघडे आहे की कोटाखाली? केंटकी राज्याने 1813 मध्ये लपविलेल्या शस्त्रांवर बंदी घातली, आणि त्यानंतर दक्षिणेकडील काही न्यायालयांनी उघडे शस्त्र मर्दाचे, लपविलेले भेकडाचे अशी नैतिक विभागणीच करून टाकली. पुढे राज्याराज्यांचे कायदे इतके वेगळे झाले की एका राज्यातला सज्जन सीमा ओलांडताच गुन्हेगार ठरावा. न्यूयॉर्कमध्ये झाकलेल्या पिस्तुलाच्या परवान्यासाठी विशेष कारण दाखवावे लागे; 2022 मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने ती अट रद्द ठरविली.

आपल्याकडे विभागणी निराळी आहे. संविधानाच्या सातव्या अनुसूचीत शस्त्रे, अग्निशस्त्रे आणि दारूगोळा हा विषय संघसूचीत आहे, तर सार्वजनिक सुव्यवस्था आणि पोलीस हे विषय राज्यसूचीत. ढोबळ मानाने, बंदूक दिल्लीची आणि काठी मुंबईची. 1959 च्या शस्त्र अधिनियमाने शस्त्राची व्याख्या पुष्कळ व्यापक केली, पण केवळ घरगुती किंवा शेतीच्या कामासाठी असलेल्या वस्तू तिच्यातून वगळल्या आणि उदाहरणे दिली ती लाठीची व चालताना हाती धरावयाच्या साध्या काठीची. 1962 च्या नियमांत मात्र तलवारीच्या शेजारी कंसात गुप्ती येऊन बसली, आणि 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पात्याचे सुरेही आले. अशा धारदार शस्त्रांना परवाना लागतो तो केंद्र सरकारने अधिसूचनेने ठरविलेल्या क्षेत्रांत. थोडक्यात, शेतकऱ्याची काठी शस्त्र नाही. तिच्या पोटात पाते असेल तर आहे.

राज्याचा कायदा इतका उदार नाही. 1951 च्या मुंबई पोलीस अधिनियमाच्या (आता तो महाराष्ट्र पोलीस अधिनियम म्हणून ओळखला जातो) कलम 37 खाली पोलीस आयुक्त किंवा जिल्हादंडाधिकारी मनाईआदेश काढतात. सणासुदीला, निवडणुकीला, आंदोलनाच्या सुमारास वृत्तपत्राच्या आतल्या पानावर हा आदेश येतो आणि आपण तो न वाचता पान उलटतो. वाचावा असा तो मजकूर आहे. तलवारी, भाले, सोटे, बंदुका, सुरे, काठ्या, लाठ्या आणि शारीरिक इजा करण्यास उपयोगी पडेल अशी कोणतीही वस्तू बाळगू नये. दाहक व स्फोटक पदार्थ नेऊ नयेत. दगड गोळा करू नयेत. प्रेतांचे वा प्रतिमांचे प्रदर्शन करू नये. घोषणा देऊ नयेत, गाणी म्हणू नयेत, वाद्ये वाजवू नयेत. काठीपासून गाण्यापर्यंत जाणारी ही यादी एकाच दमात वाचली, म्हणजे कायद्याच्या कल्पनेत दंगल कशी घडते याचा एक पटच उभा राहतो. जी लाठी केंद्राच्या लेखी शेतीचे साधन, तीच राज्याच्या मनाईआदेशात तलवारीच्या ओळीला बसते. पावटेकरू म्हातारा, गुराखी आणि दंगेखोर या तिघांच्या हातांतली काठी एकच असल्यामुळे दुसरे काय करता येईल, हेही समजण्यासारखे आहे.

आता भिवंडी. कल्याण-भिवंडी 1657 मध्ये शिवाजी महाराजांच्या ताब्यात आली, आणि पुढे तीनशे वर्षांनी यंत्रमागांच्या या गावात शिवजयंतीची मिरवणूक हा दरसालच्या तणावाचा विषय होऊन बसला. 7 मे 1970 रोजी, वैशाख शुद्ध द्वितीयेला, निघालेल्या मिरवणुकीत आसपासच्या खेड्यांतून हजारो माणसे आली होती. त्यांच्या हाती लाठ्या होत्या आणि लाठ्यांना भगवे ध्वज बांधलेले होते. मिरवणुकीवर दगडफेक झाली, दंगल पेटली, पाठोपाठ जळगाव आणि महाडपर्यंत पोहोचली. तिच्या चौकशीसाठी नेमलेल्या न्यायमूर्ती डी. पी. मादन यांच्या आयोगाने पोलीस, पुढारी, संघटना यांच्या वर्तनाची झडती घेतली. त्या प्रचंड अहवालातील एकच तपशील आम्हांस येथे हवा आहे: लाठ्यांना ध्वज बांधले होते ते शस्त्रबंदीतून पळवाट काढण्यासाठी.

या तपशिलापाशी आम्ही पुन्हा पुन्हा येऊन थांबतो. ध्वजाला काठी लागतेच. काठीविना ध्वज म्हणजे नुसते कापड. अडविणाऱ्या शिपायाने नेमके काय अडवावे? काठी म्हणून अडविली तर ध्वजाचा अपमान, ध्वज म्हणून सोडली तर लाठी सुटली. येथे कोणी काही अंगरख्याखाली लपविले नव्हते. शस्त्र उघड्यावर, डोक्याच्याही वर धरलेले होते, आणि तरीही ते लपलेले होते. दुसऱ्या बाजूच्या दगडांचेही तेच. दगड गच्चीवर पडून असला तर बांधकामाचे साहित्य असते. तो शस्त्र केव्हा झाला हे फेकल्यावरच कळते, आणि म्हणूनच कायद्याला ‘गोळा करणे’ हे क्रियापद वापरावे लागले.

ज्यांच्या जयंतीची ही मिरवणूक, त्यांच्या चरित्रातला आपल्याला सर्वांत पाठ असलेला प्रसंग लपविलेल्या शस्त्राचाच आहे, हा योगायोग नजरेआड करता येत नाही. 10 नोव्हेंबर 1659 रोजी प्रतापगडाखाली अंगरख्याच्या आत चिलखत होते आणि मुठीत वाघनख. सभासद बखरीत वाघनख आणि बिचवा दोन्ही येतात. लंडनच्या संग्रहालयातून 2024 च्या जुलैमध्ये साताऱ्यात आलेले वाघनख तेच की नव्हे, हा वाद बाजूला ठेवला तरी त्या वस्तूची लोकांच्या मनावरची पकड कमी होत नाही. गंमत अशी, की हीच मराठी ‘अस्तनीतला निखारा’ म्हणून झाकलेल्या वैराची निर्भर्त्सना करते. भाषा दडवलेल्या शस्त्राला भिते आणि इतिहास त्याचे पोवाडे गातो. यात आम्हांस विसंगती वाटत नाही. प्रतापगडाखाली समोर एक माणूस होता, धोका त्या क्षणाचा होता आणि मदतीला बोलवावे असे तिसरे कोणी नव्हते. घोटाळा होतो तो हा प्रसंग हजारोंच्या जमावाला लागू केला जातो तेव्हा. जमावाला समोर एक अफजलखान सापडत नाही. त्याला मोहल्ला सापडतो, आळी सापडते.

खासगी संरक्षणाचा हक्क भारतीय कायद्याने फार पूर्वी मान्य केला. 1860 च्या दंडसंहितेची कलमे 96 ते 106 ही त्याची जागा. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेत ती कलमे 34 ते 44 झाली. मेकॉलेच्या मूळ मसुद्यामागे तर या देशातील लोकांत मर्दानी बाणा जागवावा असाही हेतू होता. त्याच सरकारने 1878 च्या शस्त्र कायद्याने एतद्देशीयांना परवान्याच्या दारात उभे केले आणि युरोपियनांना मोकळे सोडले. हात उगारण्याचा हक्क दिला आणि हातातले काढून घेतले. म्हणूनच हा कायदा पुढची अनेक वर्षे राष्ट्रीय सभेच्या ठरावांत येत राहिला, खुद्द गांधींनी 1918 च्या सैन्यभरतीच्या पत्रकात त्याला इंग्रजी राज्याच्या काळ्या कृत्यांत अग्रस्थान दिले, आणि 1931 च्या कराची ठरावात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांच्या यादीत आला.

संविधान सभेत ह. वि. कामत यांनी डिसेंबर 1948 मध्ये कराचीची आठवण देत हा हक्क घालण्याची सूचना मांडली. बाबासाहेब आंबेडकरांनी ती नाकारली. प्रत्येकाला बाजारात जाऊन हवे ते हल्ल्याचे साधन निर्वेध विकत घेता आले, तर राज्यकारभार चालणार कसा, हा त्यांच्या उत्तराचा आशय. फाळणीच्या रक्तपाताला तेव्हा दीड वर्षही झाले नव्हते. अखेर संविधानाच्या अनुच्छेद 19 मध्ये शस्त्र आले ते अभावाने: शांततेने व विनाशस्त्र एकत्र जमण्याचा हक्क. अपवाद अनुच्छेद 25 च्या स्पष्टीकरणातला, कृपाणाचा. तो शीख धर्माचा भाग म्हणून. परवानाधारकालाही जत्रेत, धार्मिक मिरवणुकीत किंवा सार्वजनिक जमावात विशेष परवानगीविना बंदूक नेता येणार नाही, ही अट 1962 च्या नियमांखालील परवान्यावरच छापलेली असे.

परंतु स्वसंरक्षणाच्या कलमांतली आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटणारी मर्यादा दुसरीच आहे. जुन्या कलम 99 प्रमाणे, सरकारी अधिकाऱ्याकडे संरक्षणासाठी धाव घेण्यास अवसर असेल तर खासगी संरक्षणाचा हक्क उरत नाही. हे वाक्य भिवंडीत उभे राहून वाचावे. धाव घेण्यास वेळ आहे, पण ज्याच्याकडे जायचे तो आपल्यासाठी उभा राहील असा विश्वास नाही, अशा माणसाबद्दल हे कलम काहीही बोलत नाही. 1970 नंतर 1984 च्या मेमध्ये भिवंडी पुन्हा पेटली. मनाईआदेशांची यादी तोंडपाठ होईल इतकी जुनी होती, आणि तरीही प्रत्येक आळीला आपली तयारी संरक्षणाची आणि पलीकडची हल्ल्याची वाटत होती. अशी तयारी करणाऱ्याने आपण हल्लेखोर आहोत असे स्वतःला सांगितल्याचे इतिहासात आमच्या तरी वाचनात नाही.

1988 मध्ये पोलीस उपायुक्त म्हणून भिवंडीत आलेले सुरेश खोपडे यांनी शस्त्रांच्या यादीत भर घालण्याऐवजी या अविश्वासाला हात घातला. मोहल्ला समित्या स्थापल्या. दोन्ही समाजांतली साधी माणसे आणि पोलीस अधिकारी एका जागी बसू लागले, तेही दंगल नसताना. त्यात वीरश्री नव्हती, आणि म्हणून कदाचित तिच्यावर कथा-कादंबऱ्याही फारशा झाल्या नाहीत. 1992 चा डिसेंबर आणि 1993 चा जानेवारी आला तेव्हा मुंबई जळत होती, आणि तिच्यापासून फार दूर नसलेले, दोनदा होरपळलेले हे गाव शांत राहिले. खोपडे यांनी त्यावर लिहिलेल्या पुस्तकाचे नावच प्रश्नार्थक आहे: ‘मुंबई जळाली, भिवंडी का नाही?’