ब्रह्मदेशच्या घंटा आणि सागवानी विहार

ब्रह्मदेशात पॅगोड्याची घंटा देवाला जागविण्यासाठी नसते. पूजा वा दान आटोपले, की लाकडी दांड्याने तिच्यावर बाहेरून तीन ठोके द्यावयाचे आणि जोडलेल्या पुण्यात ऐकणाऱ्या सर्वांस वाटेकरी करून घ्यावयाचे, असा तेथील रिवाज. म्हणूनच तिच्या पोटात लोलक नसतो. मातीचा गाभा, त्यावर मेणाचा थर, मेणावर उठविलेली वेलबुट्टी, वर पुन्हा मातीचे कवच, आणि मेण वितळून रित्या झालेल्या जागेत ओतलेले कासे, ही तिच्या घडणीची रीत आपल्या ओतारी मंडळींस परकी वाटणार नाही. वजन मात्र छाती दडपविणारे. बोदवपया राजाने १८०८ ते १८१० या काळात मिंगून येथे ओतविलेली घंटा ५५,५५५ विस, म्हणजे सुमारे ९० टन भरते. १८३९च्या भूकंपात तिचा आधार ढळला, तो १८९६ साली एका इंग्रजी आगबोट कंपनीने ती पुन्हा टांगीपर्यंत तसाच राहिला.

एवढ्या धातूवर परकीयांचा डोळा न जाता तरच नवल! रंगूनच्या श्वेडगॉन पॅगोड्याची धम्मझेदी राजाची घंटा फिलिप द ब्रितो या फिरंग्याने १६०८ साली तोफा ओतण्यासाठी पळविली, ती नदीने गिळली; १८२५ साली इंग्रजांनी तेथलीच दुसरी कलकत्त्यास नेऊ पाहिली, तीही बुडाली, पण ब्रह्मी लोकांनी ती वर काढून स्वस्थानी नेली. वसईच्या मोहिमेत आपणही फिरंग्यांच्या घंटा आणल्याच. परंतु त्या भीमाशंकरासारख्या देवस्थानी लागल्या, वितळल्या नाहीत, एवढे म्हणावयास हरकत नाही.

काष्ठशिल्पाचे नशीब याहून नाजूक. मंडालेचा श्वेनंदॉ विहार हे मूळचे राजवाड्यातील मिंदोन राजाचे सागवानी दालन. भिंती, दारे, छपराच्या कडा यांवर कोरीव कामाची अशी दाटी, की बोटभर फळी कोरी सापडू नये, आणि आतील खांबांवर सोनेरी मुलामा अद्याप दिसतो. मिंदोन १८७८ साली याच दालनात वारला. पित्याचे भूत तेथे वावरते अशा धास्तीने त्याचा पुत्र थीबा राजा याने ते उतरवून तटाबाहेर भिक्षुसंघास अर्पण केले. १९४५ साली युद्धाच्या आगीत उरलेला राजवाडा भस्मसात झाला. तटाबाहेरचा विहार वाचला. १८८५ साली राज्य गमावून रत्नागिरीस कैदेत आलेला आणि १९१६ साली तेथेच वारलेला हा थीबा राजा इतिहासात दुबळा म्हणून बदनाम आहे. तथापि त्या राजवाड्याचे अस्सल लाकूडकाम आज जे पाहावयास मिळते, ते त्याच्या भित्रेपणामुळेच.